स्कॉलरशिप पडली का? शिष्यवृत्ती देणाऱ्या विभागांना एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव,
शिष्यवृत्ती योजना राबवणारे सर्व विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर न मिळाल्याने मुलांचे शिक्षण सुटते, त्याबाबत.

महोदय,

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी सव्वीस वर्षे लिपिक होते. त्यातली शेवटची चौदा वर्षे शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता सकाळी दहा ते बारा घरच्या ओसरीवर बसते आणि येतील त्या मुलामुलींचे फॉर्म बघून देते. टेबल सुटले, पण प्रश्न सुटला नाही. आजही पोरे दारात चप्पल काढता काढता तेच विचारतात, "मॅडम, स्कॉलरशिप पडली का?"

मागच्या आठवड्यात एका मुलीने मोबाइलवर नोटीसबोर्डाचा फोटो दाखवला. 'ज्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अद्याप जमा झालेली नाही, त्यांनी शुल्काची बाकी भरल्याशिवाय परीक्षा अर्ज स्वीकारला जाणार नाही.' ते वाक्य मला पाठ आहे. मी ते स्वतः कित्येकदा टाइप केले आहे, खाली प्राचार्यांची सही घेतली आहे आणि बोर्डाला टाचण्यासाठी शिपायाच्या हातात दिले आहे. नोकरीत असताना त्या वाक्याचा अर्थ मी नीट वाचला नाही. आता वाचते. शासनाने पैसे दिले नाहीत, म्हणून तू दे, एवढाच त्याचा अर्थ आहे. सांगायचे कुणाला, तर जिच्याकडे पैसे नाहीत हे शासनाने स्वतःच दाखला देऊन मान्य केले आहे तिला.

म्हणून मी हे पत्र लिहिते आहे. आपल्याला लिहिते, पण लोकांनीही वाचावे अशी इच्छा आहे. कारण शिष्यवृत्ती मिळते म्हणजे गरिबाचे शिक्षण फुकट झाले, असा समज गावागावांत आणि शहरांतही पक्का बसला आहे.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार वेळेची आहे. फी लागते जून ते ऑगस्टमध्ये. खोली, मेस, पुस्तके, एसटीचा पास, सगळे त्याच दोन-तीन महिन्यांत. फॉर्म सुरू होतात त्यानंतर. मग महाविद्यालयाची छाननी, जिल्ह्याची छाननी, मंजुरी, आणि मग 'निधी उपलब्ध झाल्यावर वितरण'. मार्चच्या आत पैसे पडले तर आमच्या कार्यालयात आनंद व्हायचा. एका वर्षाचा हप्ता पुढच्या वर्षी, आणि काही मुलांचा तर पदवी हातात पडल्यावर आलेला मी पाहिला आहे. शिष्यवृत्तीपात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये, असे आदेश शासनाने काढले आहेत. ते आदेश मी फाईलला लावले आहेत. पण ज्या विनाअनुदानित तुकड्यांमध्ये शिकवणाऱ्यांचा पगारच फीतून होतो, तिथे वर्षभर पैसे न येता आदेश कसा पाळायचा हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेले नसते. म्हणून महाविद्यालयांना मी सर्वस्वी दोष देणार नाही. वरून थकलेली रक्कम पायरी पायरीने खाली येते, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर एकोणीस वर्षांचे पोर उभे असते.

ते पोर काय करते, ते सांगते. आमच्याकडची बरीच मुले ऊसतोड कामगारांची आहेत. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत. एका मुलाची फी अडली तेव्हा वडिलांनी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत, म्हणजे आगाऊ पैशांत, तेवढी रक्कम वाढवून घेतली. आमच्याकडे वर्षअखेर शिष्यवृत्ती आली, हिशेब जुळला, मी वहीत टिक केली. पण वाढलेली उचल त्या हंगामात फिटली नाही. पुढच्या हंगामालाही त्यांचा कोयता त्याच मुकादमाकडे बांधला गेला. पोराच्या हातात कोयता येऊ नये म्हणून जी मदत शासन देते, ती उशिरा आल्यामुळे बापाच्या हातातला कोयता एक वर्ष वाढला. आपल्या अहवालात या विद्यार्थ्याची नोंद 'लाभ दिला' अशी आहे. ती खोटी नाही. पण त्या घराला काय लाभ झाला, हे मी त्या बापाला विचारू शकले नाही.

दुसरी तक्रार पैशाच्या वाटेची आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्ती १९४४ सालापासून चालू आहे. देशातल्या किती पिढ्या तिच्यावर शिकल्या! २०२१-२२ पासून तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटला गेला, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात यायला लागला. त्यातून विद्यार्थ्याने महाविद्यालयाची फी भरायची. मध्ये कुणी खाऊ नये हा हेतू चांगला आहे, आणि पूर्वी काही ठिकाणी बोगस नावांवर पैसे उचलले गेले हेही मला माहीत आहे. पण ज्या घरात हजार रुपये सुद्धा कधी चार दिवस टिकले नाहीत, तिथे वर्षभर वाट पाहायला लावून, कुठल्याही पूर्वसूचनेशिवाय एका दिवशी पंधरा-वीस हजार रुपये जमा होतात. एका मुलाच्या खात्यात ते आले त्या आठवड्यात त्याची आई दवाखान्यात होती. पैसे तिथे गेले. आणखी कुठे जाणार होते? मग महाविद्यालयाचा तगादा सुरू झाला. यादीत नाव लागले, वर्गात पुकारले गेले. चोरी केल्यासारखे तोंड करून तो माझ्या टेबलासमोर उभा होता, ते मला अजून दिसते. तो परीक्षेला बसला नाही.

आणि पैसे नेमके कुठल्या खात्यात पडले हेच न कळणारी मुले वेगळी. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. गावात कुठल्या तरी शिबिरात कुणीतरी झिरो बॅलन्सचे खाते उघडून दिलेले असते, आधार तिकडे जोडले जाते, आणि पोरगी इकडे दुसऱ्याच बँकेचे पासबुक छापून छापून बघत राहते. 'सीडिंग', म्हणजे आधार खात्याला जोडणे, हा शब्द आमच्या पोरांना पेरणीच्या आधी बँकेत कळतो.

तिसरी तक्रार कागदांची. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा. जातीचा दाखला, जात वैधता, रहिवास, टीसी, गुणपत्रक, बोनाफाईड, रेशनकार्ड, खंड पडला असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. पहिल्या वर्षी हे सगळे तपासून झालेले असते. दुसऱ्या वर्षी तोच मुलगा, तीच जात, तोच बाप, आणि तरी बरेचसे कागद पुन्हा. एखादा फोटो अस्पष्ट असला की अर्ज 'सेंड बॅक'. का परत आला ते दोन इंग्रजी शब्दांत लिहिलेले असते. त्यावरून मुलाला काही कळत नाही, आणि मी चौदा वर्षे हेच काम केलेली बाई, मलाही दर वेळी कळते असे नाही.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यापायी परत आला. डिसेंबर चालू होता. नवा दाखला आणला, तो पुन्हा चढवायला आधारचा ओटीपी हवा. तिच्या आधारला नंबर वडिलांचा. वडील सांगलीकडच्या एका ऊसतोडीच्या फडात. जुने सिम रिचार्जअभावी बंद झालेले, त्यांनी तिकडेच दुसरे घेतलेले. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलायला तेव्हा केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागायचे. ती तालुक्याच्या केंद्रावर तीन वेळा जाऊन आली. एकदा मशीन बंद, एकदा गर्दी, एकदा अंगठाच लागेना. हंगामात घरी असताना लहान भावंडांचे धुणेभांडे तीच करायची, बोटे फुटलेली होती. तोपर्यंत अंतिम दिनांक उलटून गेला. मुदत वाढेल म्हणून मी तिला आशेवर ठेवले. मुदत वाढलीही, पण आमच्यापर्यंत बातमी आली तेव्हा त्यातले दोनच दिवस उरले होते.

पुढच्या जूनमध्ये ती प्रवेशाला आली नाही. तिची टीसी तयार करून ठेवली होती, ती न्यायलाही कुणी आले नाही.

आमच्या कार्यालयात एक फाईल आहे. न नेलेल्या टीसींची. माझ्या आधीच्या बाबूंनी ती सुरू केली, मी ती चालवली. आपल्याकडे गळतीचे आकडे टक्केवारीत येतात. आमच्याकडे ती गळती पिवळ्या पडलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात असते आणि प्रत्येक कागदावर नाव, जन्मतारीख आणि गाव असते.

चौथी तक्रार रकमेची आणि मर्यादेची आहे, ती थोडक्यात सांगते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख रुपये झाली. २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांतही ती अडीच लाखच राहिली. मधल्या आठ वर्षांत गॅस, तेल, एसटीचे भाडे काय होते ते काय झाले हे सांगायला मी नको. दोघे राबणाऱ्या घराला महिन्याला एकवीस हजार मिळाले की ते या मर्यादेबाहेर जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी हीच मर्यादा आठ लाख आहे. त्या मुलांची मर्यादा कमी करा असे मी मुळीच म्हणत नाही, त्यांचेही फॉर्म मीच भरते आणि त्यांच्या घरची परिस्थितीही मला माहीत आहे. पण गरिबी मोजायची एवढी वेगवेगळी मापे कशी, हे मला मुलांना समजावून सांगता येत नाही. अडीच लाखांबाहेर गेलेल्या मुलाची फी कुठल्या तरी दुसऱ्या योजनेतून सुटते, पण निर्वाह भत्ता सुटत नाही, आणि पोट तर रोज असते.

स्वाधार योजना २०१६-१७ साली आली, तेव्हा मी मुलांना पेढे दिले होते. वसतिगृहात जागा नाही म्हणून शिक्षण सोडावे लागणार नाही, असे वाटले. पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले : जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. महिन्याच्या हिशेबाने राहण्याला सोळाशे सहासष्ट रुपये होतात. पुण्यात एवढ्यात कॉट मिळते का, आपल्यापैकी कुणीही एकदा विचारून पाहावे. आणि तेही पैसे हप्त्याने, मागून येणार. मेसवाला मात्र महिन्याच्या सुरुवातीलाच पैसे घेतो.

मग मुलगा काम धरतो. कुणी कपड्याच्या दुकानात, कुणी मोटारसायकलवर डबे पोचवायला. कामामुळे तास बुडतात. शिष्यवृत्तीला हजेरी ७५ टक्के लागते. म्हणजे शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून काम धरले, काम धरले म्हणून हजेरी घसरली, आणि हजेरी घसरली म्हणून शिष्यवृत्ती गेली. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिले आहे की ऑक्टोबरमध्ये मुलाचे हात बघून मला सांगता यायचे, हा पुढच्या वर्षी दिसणार नाही.

चांगले झाले तेही सांगायला हवे. जुलै २०२४ मध्ये शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. आधी माफी निम्मीच होती. त्यानंतर ओसरीवर दोन बाप आले होते, पोरीला इंजिनिअरिंगला घालू का विचारायला. पूर्वी असा बाप पोराला घेऊन यायचा. या निर्णयासाठी मी आपले मनापासून आभार मानते. पण ती माफीही कागदोपत्री आधी आणि पैशाने नंतर अशीच असेल, आणि शिक्षण शुल्काबाहेरच्या विकास शुल्काची, अनामतीची, वसतिगृहाची पावती त्या बापाच्याच हातात पडत असेल, तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या पोरीला घेऊन येणार नाही.

एक जुनी गोष्ट आठवते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. किती मिळणार, केव्हा मिळणार आणि कुठपर्यंत मिळणार, हे बोटीत बसण्याआधी ठरलेले होते. शाहू महाराजांनीही कोल्हापुरात बोर्डिंगे उघडली, ती खेड्यातून आलेल्या पोराला आधी छप्पर आणि भाकरी मिळावी म्हणून. न्यूयॉर्कला पैसे पोचवण्याची सोय तेव्हाच्या एका संस्थानाकडे होती. आज बटण दाबले की पैसे जातात. उशीर होतो तो यंत्रामुळे नाही. शिष्यवृत्ती हा पगारासारखा, निवृत्तिवेतनासारखा देणे लागणारा खर्च आपण मानत नाही, उरले तर द्यायचा खर्च मानतो, म्हणून होतो. माझे स्वतःचे पेन्शन ठरल्याप्रमाणे येते. मला ते घेताना आता लाज वाटते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

फीचा व्यवहार शासन आणि महाविद्यालय यांच्यात ठेवा. पात्र मुलाच्या नावावर बाकी लिहिलीच जाऊ नये. ती शासनाच्या नावावर लिहावी. केंद्राच्या नियमांमुळे काही रक्कम मुलाच्या खात्यातूनच जायची असेल, तर ती जमा होण्याच्या आठ दिवस आधी त्याला मराठीत निरोप द्या : किती येणार, त्यातले तुझे किती आणि फीचे किती.

निर्वाह भत्ता ऑगस्टपासून दरमहा द्या. पूर्ण छाननी व्हायची असेल तर पहिल्या वर्षाचा पहिला हप्ता तात्पुरत्या मंजुरीवर द्या. दुसऱ्या वर्षापासून, मुलगा वरच्या वर्गात गेला एवढी नोंद पुरे. जुने कागद पुन्हा मागू नका.

महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखल्याला उशीर झाला तर अपील करता येते, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर होऊन रक्कम प्रत्यक्ष जमा होणे ही सेवा त्या कायद्याखाली, ठरावीक दिवसांच्या मर्यादेसह आणा. मुलाला अंतिम दिनांक असतो. तो विभागालाही असावा.

अर्ज परत पाठवायचा तर कारण मराठीत, पूर्ण वाक्यात लिहा, आणि दुरुस्तीला किमान तीस दिवस द्या. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत हंगाम बघून मुदती ठरवा. ओटीपीला पर्याय म्हणून महाविद्यालयात प्रत्यक्ष ओळख पटवून अर्ज पुढे जाऊ द्या. आधारला जोडलेले मोबाइल नंबर बदलण्याची शिबिरे दिवाळीच्या आत, आईबाप गावात असताना घ्या.

बाकीपायी कागद अडवू नयेत. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने ठेवून घेऊ नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच सांगितले आहे. परीक्षा अर्ज, निकाल आणि टीसी हे शिष्यवृत्तीच्या थकबाकीपासून वेगळे करा, आणि जे करणार नाहीत त्यांच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची तो क्रमांक त्याच नोटीसबोर्डावर लावायला लावा.

उत्पन्न मर्यादा आणि भत्ते महागाईशी जोडा. केंद्राच्या हातातल्या मर्यादेसाठी राज्याने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा.

आणि शेवटची मागणी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातले नोंदणी प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचे ठरवले आहे. २०२१-२२ च्या सर्वेक्षणात देशाचे हे प्रमाण २८.४ टक्के होते. नोंदणी मोजता तसे सुटलेलेही मोजा. प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी कळवावे : शिष्यवृत्तीचा अर्ज केलेली किती मुले पुढच्या वर्षी परत आली नाहीत, आणि त्यांतल्या कितींची रक्कम तेव्हा बाकी होती. जिल्ह्यानुसार ते आकडे जाहीर करा. ही माहिती गोळा करायला नवे पोर्टल लागणार नाही. प्रत्येक कार्यालयाच्या कपाटात ती फाईल असेल.

त्या बीएस्सीच्या मुलीची टीसी अजून तिथेच आहे. मी निवृत्तीच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या सोपवताना नव्या बाबूंना फाईल दाखवली आणि सांगितले, ही आली तर तिला उशिराचा अर्ज मागू नका, लगेच द्या. तिचे लग्न झाले असे कळते, या दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर फडावर गेली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक,
जि. बीड